डोलोमाइटची ताकद कशी वाचायची: खनिजं, छिद्रं आणि मधली वीण

एकाच पेटीतले दोन कोअर, म्हणजे खडकातून ड्रिलने काढलेले दंडगोल नमुने. दोन्हींवर एकच शेरा, 'राखाडी डोलोमाइट'. वजनं जवळजवळ सारखी, पाणी पिण्याचं प्रमाणही सारखंच. दाब देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्रात घातल्यावर पहिला कोअर बराच वेळ ढिम्म उभा राहिला आणि शेवटी बार उडाल्यासारखा फुटला, तुकडे संरक्षक जाळीवर आपटले. दुसऱ्याने जेमतेम निम्म्या भारालाच मान टाकली, तीही आवाज न करता. कडेने साखर सांडावी तसे कण गळत गेले आणि तो खचला. मी शिकाऊ होतो, त्यामुळे पहिला संशय यंत्रावर घेतला. यंत्र ठणठणीत होतं. फरक दगडातच होता आणि साध्या दहापट भिंगातून तो चाचणीच्या आधीही दिसला असता. आम्ही पाहिलंच नव्हतं.

नुकतेच प्रयोगशाळेत आलेले आणि कोअर हातात पडला की थेट यंत्राकडे निघणारे जे कोणी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रम असा ठेवा: आधी खनिजं, मग स्फटिकांची वीण, मग छिद्रं, आणि यंत्र सगळ्यात शेवटी.

पायरी १: पेटीवरच्या नावावर विसंबू नका

डोलोमाइट हे खनिजाचं नाव आहे आणि त्या खनिजाने बनलेल्या खडकाचंही. घोळ इथूनच सुरू होतो. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोमियू यांनी १७९१ मध्ये आल्प्समधल्या एका दगडाचं वर्णन केलं. तो दिसायला चुनखडीसारखा होता, पण आम्लात तसा फसफसत नव्हता. पुढच्याच वर्षी निकोला-थेओदोर द सोस्यूर यांनी त्याला दोलोमियूंचं नाव दिलं. हा दगड वेगळा कळला तोच आम्लापुढच्या त्याच्या थंडपणामुळे, आणि आजही पहिली चाचणी तीच आहे.

साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. हातमोजे आणि चष्मा घालायला विसरू नका. कोअरच्या ताज्या कापलेल्या बाजूवर एक थेंब सोडा आणि लगेच भिंग लावा. कॅल्साइट असेल तिथे क्षणात बुडबुडे उसळतात. डोलोमाइटवर थेंब नुसता बसून राहतो. फार तर बऱ्याच वेळाने एखाददुसरा बुडबुडा सुटतो. आता शेजारीच चाकूच्या टोकाने खरवडून थोडी भुकटी काढा आणि तिच्यावर थेंब टाका. पृष्ठभाग वाढल्यामुळे तोच डोलोमाइट सावकाश फसफसायला लागतो.

'फसफसला' किंवा 'नाही फसफसला' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. बुडबुडे नेमके कुठून येतायत ते पाहा. सगळ्या पृष्ठभागावरून येतायत, एखाद्या पांढऱ्या शिरेतून येतायत, की कणांच्या मधल्या बारीक फटींतून? ताकदीच्या दृष्टीने हे तीन वेगळे दगड आहेत. पातळ छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी घासून पारदर्शक केलेली दगडाची चकती, करून घेणार असाल तर त्यावर अलिझरिन रेड एस हा रंग वापरायला सांगा. कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट कोरं राहतं आणि नकाशा काढल्यासारखं सगळं दिसतं.

टक्केवारी हवी असेल तर क्ष-किरण विवर्तन, म्हणजे भुकटीवर क्ष-किरण पाडून ते कोणत्या कोनांत परततात त्यावरून खनिज ओळखणं, सगळ्यात सरळ. तांब्याची नेहमीची नळी असेल तर कॅल्साइटचं मुख्य शिखर २९.४ अंशांवर आणि डोलोमाइटचं ३१ अंशांच्या आसपास येतं, त्यामुळे दोघांची गल्लत होत नाही. नुसतं रासायनिक विश्लेषण हातात असेल तरी अंदाज बांधता येतो. शुद्ध डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड २१.९ टक्के असतं, म्हणून अहवालातल्या आकड्याला ४.५७ ने गुणा. १८ टक्के आलं असेल तर डोलोमाइट सुमारे ८२ टक्के. मात्र सगळं मॅग्नेशियम डोलोमाइटमध्येच आहे असं आपण इथे धरून चाललोय. मॅग्नेशियमवाली माती दगडात असेल तर हा हिशेब फसतो.

नावाची सर्वसाधारण रूढी अशी आहे: डोलोमाइट ९० टक्क्यांच्या वर असेल तर डोलोमाइट, ५० ते ९० असेल तर कॅल्साइटयुक्त डोलोमाइट, १० ते ५० असेल तर डोलोमाइटयुक्त चुनखडी.

पायरी २: कोणतं खनिज भार घेतं, कोणतं अंग काढून घेतं

मोह्सच्या मापावर डोलोमाइटची कठिनता ३.५ ते ४, कॅल्साइटची ३, जिप्समची २ आणि क्वार्ट्झची ७. डोलोमाइट कॅल्साइटपेक्षा जडही आहे: घनता २.८६ विरुद्ध २.७१ ग्रॅम प्रति घनसेंमी. दाबाखाली आकसायलाही ते कॅल्साइटपेक्षा जास्त विरोध करतं. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फरक स्फटिकाच्या आतला आहे. कॅल्साइटचा स्फटिक फार कमी ताणावर आतल्या आत घसरून जुळे पट्टे तयार करतो. सूक्ष्मदर्शकाखाली समांतर रेघांसारखे ते दिसतात. डोलोमाइट नेहमीच्या तापमानाला ही सवलत घेत नाही. तो ताठ उभा राहतो आणि मग तुटतो. म्हणूनच सगळीकडून दाब दिला की संगमरवर लवकर नमतं घेऊन चेपत जातं, आणि त्याच दाबाला डोलोमाइट अजून ठिसूळपणेच फुटत असतो.

एवढं वाचून 'डोलोमाइट जास्त तर ताकद जास्त' असं सूत्र वहीत लिहून ठेवायचा मोह होईल. थांबा. बाकी सगळं सारखं असेल तर ते खरं आहे, आणि बाकी सगळं सारखं क्वचितच असतं. बहुतेक डोलोमाइट मुळात चुनखडी होती. मॅग्नेशियमयुक्त पाण्याने तिच्यातलं काही कॅल्शियम काढून त्या जागी मॅग्नेशियम बसवलं. दोन भाग कॅल्साइटच्या जागी एक भाग डोलोमाइट तयार झालं तर घन पदार्थाचं आकारमान १२ ते १३ टक्क्यांनी घटतं. म्हणजे ज्या प्रक्रियेने दगडाला टणक खनिज दिलं, तीच त्याच्या पोटात पोकळी सोडून जाऊ शकते. अर्थात हे कागदावरचं गणित झालं. पाण्याने बाहेरून कार्बोनेटही आणलं तर त्याच पोकळ्या पुढे डोलोमाइटनेच बुजतात आणि दगड आधीपेक्षा घट्ट होतो. तुमच्या कोअरमध्ये यातलं काय घडलं हे टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी छेदच पाहावा लागतो.

उरलेल्या खनिजांमध्येही 'किती'पेक्षा 'कुठे' हा प्रश्न मोठा. कॅल्साइट पोकळ्यांत सिमेंटसारखं भरलेलं असेल तर ते ताकद वाढवतं. तेच तिरक्या शिरेत असेल तर बहुतेक वेळा तडा तिथूनच जातो. क्वार्ट्झ बारीक सिमेंट होऊन बसलं तर दगड टणक होतो. चकमकीच्या गाठी असतील तर गाठ आणि डोलोमाइट यांच्या हद्दीवर ताण साठतो, आणि कोअर कापतानाच तिथे टवके उडालेले दिसतात.

मातीचं तर विचारूच नका. समजा, दगडात ३ टक्के माती आहे. ती सगळीकडे कणाकणाने विखुरलेली असेल तर फारसा उपद्रव नाही. तीच माती स्फटिकांच्या सांध्यांवर पापुद्र्यासारखी पसरली तर स्फटिक एकमेकांना धरतच नाहीत. आणि तीच एका काळ्या नागमोडी रेषेत, म्हणजे स्टायलोलाइटमध्ये गोळा झाली असेल तर सगळी चाचणी त्या एका रेषेची होते, दगडाची नाही. त्यातून ही माती फुगणारी, स्मेक्टाइट जातीची असेल तर कोरडा आकडा आणि ओला आकडा एकाच दगडाचे वाटणार नाहीत. जिप्समबद्दल पुढे बोलूच. त्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवलाय.

पायरी ३: वीण पाहा

पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि थोडा वेळ खनिजांची नावं विसरून नुसत्या कडा पाहा. सिब्ली आणि ग्रेग यांनी १९८७ मध्ये डोलोमाइटच्या विणीचं वर्गीकरण मांडलं, त्याचा गाभा हाच आहे: स्फटिकांच्या हद्दी सपाट आहेत की वेड्यावाकड्या, आणि सपाट असतील तर स्फटिक पूर्ण घडलेले आहेत की एकमेकांत अडकून अर्धवट राहिलेले.

पूर्ण घडलेले स्फटिक तिरक्या ठोकळ्यांसारखे दिसतात. ते देखणे असतात आणि नवशिक्यांना तेच आवडतात. भार पेलायच्या दृष्टीने मात्र ही सगळ्यात नाजूक रचना. ठोकळे कोपऱ्यांवर आणि कडांवर टेकलेले असतात, मध्ये तिकोनी पोकळ्या असतात, आणि सगळा भार त्या चिमुकल्या टेकूंवरून खाली जातो. अशा दगडाचा ताजा तुकडा बोटांनी चोळला की साखरेसारखे कण सुटतात. याला सरसकट साखरी डोलोमाइटच म्हणतात. माझ्या दुसऱ्या कोअरची गोष्ट हीच होती.

याच्या उलट, स्फटिक एकमेकांत घुसून वाढले असतील आणि हद्दी दातेरी असतील तर तडा जायला सरळ वाट मिळत नाही. त्याला एक तर वळणं घेत जावं लागतं, नाहीतर स्फटिक चिरावा लागतो. स्फटिक बारीक असतील तर आणखी चांगलं. डोलोमाइटला तीन दिशांना स्वच्छ फाटण्याची खोड आहे, आणि स्फटिक मोठा असला की फाटण्याची एकेक पातळी लांब असते. तडा तिच्यावरून घसरगुंडीसारखा जातो. त्यामुळे छिद्रं सारखी असतील तर बारीक विणीचा दगड सहसा जास्त भार घेतो.

छेद करायची सोय नसेल तर ताज्या तुटलेल्या बाजूवर तिरका उजेड पाडून भिंगाने पाहा. लखलखणारे सपाट चट्टे जास्त दिसले तर स्फटिकच फाटलेत, म्हणजे सांधे पक्के आहेत. मंद, खडबडीत, दाणेदार बाजू दिसली तर स्फटिक शाबूत आहेत आणि सांधे सुटलेत. एवढं कळायला दोन मिनिटं लागतात.

पायरी ४: सच्छिद्रता मोजा, पण दोन वाटांनी

नेहमीची वाट पाण्याची. नमुना वाळवून वजन करायचं, निर्वातात पाण्याने भरायचा, पुन्हा वजन करायचं. जादा वजन म्हणजे आत शिरलेलं पाणी. पण पाणी पोचलं तेवढंच यात मोजलं जातं. बंद पोकळ्या सुटतात. म्हणून दुसऱ्या वाटेने, घनतेवरूनही आकडा काढा.

समजा, कोअर ५४ मिमी व्यासाचा आणि १३५ मिमी लांबीचा आहे. आकारमान ३०९.२ घनसेंमी. कोरडं वजन ८१५ ग्रॅम, पाणी भरल्यावर ८३०.५ ग्रॅम. १५.५ ग्रॅम पाणी गेलं, म्हणजे जोडलेली छिद्रं ५ टक्के. आता दगडाची कोरडी घनता ८१५ भागिले ३०९.२, म्हणजे २.६३६. खनिजं ९० टक्के डोलोमाइट आणि १० टक्के कॅल्साइट असतील तर निव्वळ घन पदार्थाची घनता २.८४५ येते. या दोघांवरून एकूण सच्छिद्रता ७.३ टक्के. मधले २.३ टक्के म्हणजे पाणी न पोचलेल्या पोकळ्या.

हाच दगड कुणी चुनखडी समजून २.७१ घनता धरली असती तर एकूण सच्छिद्रता २.७ टक्के आली असती. एकूण छिद्रं जोडलेल्या छिद्रांपेक्षा कमी! असा उलटा आकडा दिसला की वजनकाट्यावर चिडण्याआधी पायरी १ कडे परत जा.

आता जिप्सम. प्रमाण पद्धत म्हणते, १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. एका खेपेला आमचं वजन स्थिर व्हायचं नावच घेईना. दर सकाळी काटा थोडा खाली. नमुन्यात जिप्समच्या बारीक शिरा होत्या, आणि जिप्सममध्ये वजनाच्या जवळजवळ २१ टक्के पाणी स्फटिकातच बांधलेलं असतं. आमची भट्टी छिद्रांतलं पाणी कधीच संपवून खनिजातलं पाणी काढायला लागली होती. सच्छिद्रता फुगून आली ते वेगळंच, शिरांचं पांढरं पीठ झालं आणि तो गठ्ठा ताकद मोजायच्या लायकीचा राहिला नाही. जिप्समचा संशय असेल तर ४० अंशांच्या आसपास, जास्त दिवस वाळवा. ओल्या चाचणीसाठीही तो नमुना पाण्यात फार काळ ठेवू नका, कारण जिप्सम पाण्यात विरघळतं.

पायरी ५: छिद्राचा चेहरा ओळखा

इथे सावकाश चला. पाच टक्के सच्छिद्रता म्हणजे पाच टक्के कसली?

आधी एक गोल छिद्र डोळ्यांसमोर आणा आणि वरून दाब द्या. किर्श यांनी १८९८ मध्ये याचं गणित सोडवलं. छिद्राच्या दोन्ही बाजूंना दाब मूळ दाबाच्या तिप्पट होतो. गंमत त्याच्या माथ्यावर आणि तळाशी आहे. तिथे दाब नसून ताण, म्हणजे फाडणारी ओढ, येतो, आणि तोही बाहेरून दिलेल्या दाबाएवढा. दगडाची ताण सोसायची कुवत दाब सोसायच्या कुवतीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. त्यामुळे आपण दगड चेपत असतो, पण छिद्राच्या डोक्यावर तो फाटत असतो. तिथून उभी भेग निघते, भाराच्या दिशेने लांबत जाते, शेजारच्या छिद्राच्या भेगेला भेटते आणि कोअर उभा चिरला जातो. प्रत्यक्षातली पोकळी गोळ्यासारखी असते म्हणून आकडे थोडे सौम्य होतात, यंत्रणा तीच.

छिद्र चपटं झालं की प्रकरण चिघळतं. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये लंबगोल छिद्रासाठी नियम दिला: ताणाच्या आडवं पडलेलं छिद्र रुंदीच्या दहापट लांब असेल तर त्याच्या टोकाशी ताण एकवीसपट होतो. भेग म्हणजे अतिशय चपटं छिद्र. आकारमानात ती शून्याच्या जवळ, उपद्रवात सगळ्यात पुढे. एक टक्क्याहूनही कमी सच्छिद्रतेचा दगड भेगाळलेला असेल तर त्याच्यापुढे पाच टक्के गोल पोकळ्यांचा दगड खणखणीत ठरू शकतो. दाबाखाली भाराला काटकोनात असलेल्या भेगा मिटून जातात. तिरक्या असतात त्या घसरतात आणि टोकांपासून पंखांसारख्या नव्या भेगा फुटतात. धोका तिरक्यांचा.

भेगा मिटताना आलेखात दिसतात. दिलेला दाब आणि दगड किती आकसला (विकृती) यांच्या आलेखाची सुरुवात सरळ नसून वर वळत जाणारी असेल तर दगड आधी भेगा मिटवतोय. लांबीच्या हजाराव्या भागाएवढी रुंद भेग, ८० गिगापास्कल स्थितिस्थापकतेच्या दगडात, सुमारे ७० मेगापास्कलला मिटते. म्हणजे भेग जितकी चपटी, तितकी ती लवकर मिटते.

आता छिद्र किती मोठं ते. सॅमिस आणि अ‍ॅशबी यांनी १९८६ मध्ये छिद्रांतून निघणाऱ्या भेगांचं प्रतिमान मांडलं. त्याचं नंतर काढलेलं सोपं रूप सांगतं की छिद्राची त्रिज्या चौपट झाली तर ताकद निम्मी होते, आणि सच्छिद्रता दुप्पट झाली तर ताकद साधारण तीन चतुर्थांशावर येते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अडखळलो होतो. आपण सगळा जीव सच्छिद्रतेच्या टक्केवारीत घालतो आणि छिद्रं किती मोठी आहेत ते मोजतसुद्धा नाही.

पण मग माझे दोन कोअर? पहिल्यात मिलिमीटरभराच्या गोल पोकळ्या होत्या, दुसऱ्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं. सूत्राप्रमाणे पहिला आधी फुटायला हवा होता. उत्तर विणीत आहे. हे सूत्र दगडाला एकसंध धरतं आणि त्यात फक्त छिद्रं पाडतं. पहिल्या कोअरमध्ये पोकळ्यांच्या मधला दगड दातेरी, घट्ट विणीचा होता. दुसऱ्यात छिद्रं म्हणजे स्फटिकांच्या मधल्या मोकळ्या जागाच होत्या. त्या पाच-सात टक्क्यांनी सांधेच खाऊन टाकले होते. म्हणून छिद्राच्या आकाराची तुलना एकाच विणीच्या दगडांमध्ये करा. वीण बदलली की तुलना सोडून द्या.

नोंद करताना शोकेट आणि प्रे यांनी १९७० मध्ये केलेलं छिद्रांचं वर्गीकरण उपयोगी पडतं. डोलोमाइटपुरती चार नावं पुरतात: स्फटिकांमधली छिद्रं, शिंपला किंवा कण विरघळून राहिलेले साचे, मोठ्या पोकळ्या म्हणजे वग, आणि भेगा. प्रत्येकाचा वाटा डोळ्यांनी अंदाजून लिहिलात तरी चालेल. तो अंदाज दशांशातल्या एका टक्केवारीपेक्षा जास्त कामाचा.

साधनं दोन. पहिलं म्हणजे पाऱ्याचा दाब देऊन छिद्रं मोजणं. वॉशबर्न यांच्या १९२१ च्या समीकरणाप्रमाणे १ मेगापास्कल दाबाला पारा सुमारे दीड मायक्रॉनच्या तोंडातून आत शिरतो, १०० मेगापास्कलला १५ नॅनोमीटरच्या. 'तोंड' हा शब्द मुद्दाम वापरला. पाऱ्याला बाटलीचं तोंड कळतं, पोट कळत नाही. मोठी पोकळी बारीक गळ्यामागे असेल तर अहवालात ती बारीक छिद्र म्हणून येते. ताकदीसाठी आपल्याला पोटही हवं असतं, म्हणून पाऱ्याच्या अहवालाशेजारी छेदाचा फोटो ठेवा. तो तुकडा नंतर दुसऱ्या कशालाही वापरू नका. पारा विषारी आहे.

दुसरं साधन ध्वनीलहरींचं, आणि ते माझं लाडकं. नमुना न मोडता होतं आणि भेगा आणि पोकळ्या वेगवेगळ्या पकडून देतं. छिद्र नसलेल्या डोलोमाइटमध्ये दाबलहरींचा वेग सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर, पाण्यात दीड. विली यांच्या सरासरी-काळाच्या नियमाने आपल्या ७.३ टक्क्यांच्या कोअरला, पाण्याने भरल्यावर, ५.५ च्या आसपास वेग अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ५.९ आला तर छिद्रांचा बराच वाटा सुट्या, गोल पोकळ्यांचा आहे. लहर त्यांना वळसा घालून निघून जाते. ४.५ आला तर भेगा शोधा. सच्छिद्रता कमी आणि वेगही कमी, अशी जोडी दिसली की मी तो कोअर बाजूला काढतो आणि ओल्या फडक्याने पुसून सुकताना पाहतो. भेगा सगळ्यात शेवटी सुकतात, काळ्या केसासारख्या उठून दिसतात.

पायरी ६: आता यंत्र

इथे फार बोलण्यासारखं नाही, प्रमाण पद्धत पाळा. आंतरराष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्थेच्या सुचवलेल्या पद्धतीत व्यास ५४ मिमीच्या खाली नको, लांबी व्यासाच्या अडीच ते तीनपट, दोन्ही टोकं ०.०२ मिमीच्या आत सपाट, आणि भार सेकंदाला अर्धा ते एक मेगापास्कल या गतीने. ५४ मिमीच्या कोअरला १०० मेगापास्कल म्हणजे २२९ किलोन्यूटन. घट्ट डोलोमाइट २०० मेगापास्कलच्याही वर जाऊ शकतो, तेव्हा यंत्राची क्षमता आधी पाहून घ्या.

डोलोमाइटसाठी तीन गोष्टी वेगळ्या सांगतो. व्यास सगळ्यात मोठ्या कणाच्या दहापट तरी असावा असा नियम आहे; मी तोच पोकळ्यांनाही लावतो. ५४ च्या कोअरमध्ये दहा मिमीची पोकळी असेल तर तो आकडा दगडाचा नाही, त्या पोकळीचा आहे. मोठा व्यास घ्या, नाहीतर तशी नोंद करा. दुसरं, थर किंवा स्टायलोलाइट भाराशी किती अंशांत आहेत ते मोजून लिहा. तिसरं, प्रत्येक प्रकारच्या विणीतून कोरडे आणि ओले असे जोडीने नमुने फोडा. स्वच्छ, घट्ट डोलोमाइटमध्ये ओल्याची घट माफक असते. घट मोठी आली तर मातीचा पापुद्रा किंवा भेगांचं जाळं यांच्यापैकी एक बहुधा आहे.

बिंदुभार चाचणी (दोन टोकदार शंकूंमध्ये दगड चेपून फोडणं) झटपट होते आणि तिच्या निर्देशांकाला २० ते २५ ने गुणून दाबसामर्थ्य काढायची प्रथा आहे. पोकळ्या असलेल्या डोलोमाइटमध्ये टोक पोकळीवर बसलं की आकडा कोसळतो, भरीव जागी बसलं की वर जातो. तिथे तिचा उपयोग नमुने निवडण्यापुरता करा.

पायरी ७: तुकडे फेकू नका

चाचणी संपली की लोक ब्रश घेऊन यंत्र झाडतात. तुकडे आधी ट्रेमध्ये काढा. मुख्य भेग कुठून निघाली ते शोधा: पोकळीतून, शिरेतून, काळ्या रेषेतून, की टोकाच्या खराब घासलेल्या कडेतून? शेवटचं असेल तर आकडा रद्द समजा. मग पायरी ३ मधला लखलखीत चट्टे विरुद्ध मंद दाणे हा खेळ पुन्हा खेळा, आणि एका तुकड्याच्या आतल्या बाजूवर आम्लाचा थेंब टाका. बाहेरून न दिसलेली कॅल्साइटची शीर फसफसून वर येते.

आकडे मांडताना सगळ्या नमुन्यांची एकच सरासरी काढू नका. सच्छिद्रता आडव्या अक्षावर आणि ताकद उभ्या अक्षावर घेऊन, प्रत्येक विणीला वेगळी खूण द्या. सच्छिद्रता वाढेल तशी ताकद आधी झपाट्याने, मग हळूहळू उतरते असं सहसा दिसतं, पण साखरी आणि दातेरी विणीच्या वक्ररेषा वेगळ्या उंचीवरून धावतात. दोघांवरून मिळून एकच रेषा ओढलीत तर ती कुठल्याच दगडाची नसते.

तुकडे पिशवीत भरा, आत कोअरचा क्रमांक, खोली, वरची बाजू कुठली आणि भेगेचा उगम एवढं लिहिलेली चिठ्ठी टाका, पेन्सिलने. शाई ओल्या दगडाशेजारी टिकत नाही.